सव्वाशे वर्षांची वाटचाल : दक्षिण भारत जैन सभा आणि कुरुंदवाडचे अण्णासाहेब लठ्ठे

दक्षिण भारत जैन सभेला ३ एप्रिल २०२४ रोजी १२५ वर्षे पूर्ण झाली. सभेचा पसारा कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी असा दोन राज्यांत आहे, त्यामुळे तिचा इतिहास कोणा एका गावाचा म्हणता येत नाही. तरीही कुरुंदवाडच्या माणसाने तो लिहिताना मन थोडे भरून येते. सभेच्या संस्थापकांपैकी अण्णा बाबाजी लठ्ठे यांचा जन्म ९ डिसेंबर १८७८ रोजी याच गावात झाला. वकील, प्राध्यापक, कोल्हापूर संस्थानचे शिक्षणाधिकारी, मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद, कोल्हापूरचे दिवाण, मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री अशी एकाहून एक मोठी पदे त्यांना मिळाली. ती पदे काळाबरोबर गेली. शेतकऱ्याच्या मुलाला शहरात राहून शिकता यावे म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी सोय उभी केली, ती मात्र आजही चालू आहे. या लेखात मुख्यतः तिचीच हकिगत सांगायची आहे.

स्थापनेपूर्वीचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपला मुलूख म्हणजे ठिगळांची गोधडी होती. कुरुंदवाडातच पटवर्धनांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचा कारभार वेगवेगळा. शेजारी कोल्हापूर, सांगली, मिरज ही संस्थाने आणि पलीकडे इंग्रजी अमलातला बेळगाव जिल्हा. या सगळ्यात विखुरलेला जैन समाज बहुतांशी शेतकरी होता. जैन म्हटले की व्यापारी पेढी डोळ्यांपुढे येते. पण कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगेच्या काठचा जैन हा नांगर धरणारा, घरात मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारा गडी होता. चतुर्थ, पंचम, कासार, शेतवाळ अशा पोटजातींत तो विभागलेला होता. लग्ने लहान वयात होत आणि शिक्षण गावच्या शाळेत संपत असे.

शाळा अजिबात नव्हत्या असे नाही. कोल्हापुरात राजाराम हायस्कूल आणि कॉलेज होते, मिरज-सांगलीला इंग्रजी शाळा होत्या. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ साली सुरू झाली होती. कुरुंदवाडचा मुलगा बैलगाडीने शिरोळ रोड स्टेशनवर, म्हणजे आजच्या जयसिंगपूरला आला की कोल्हापूर गाठू शकत होता. अडत असे ते त्याच्या पुढे. कोल्हापुरात उतरल्यावर राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे? शहरात नातेवाईक असतील त्यांची मुले शिकत, बाकीची सातवीनंतर शेतावर परतत. या एका अडचणीवर नेमके बोट ठेवणे हे सभेच्या संस्थापकांचे पहिले यश मानायला हवे.

१८९९ ते १९१०

निपाणीजवळच्या घाटातले स्तवनिधी हे या भागातील जैनांचे आवडते क्षेत्र. यात्रेला दोन्ही भाषांची, सर्व पोटजातींची माणसे एकत्र येत. तिथेच ३ एप्रिल १८९९ रोजी ‘दक्षिण महाराष्ट्र जैन सभा’ स्थापन झाली. पुढे तिचे नाव दक्षिण भारत जैन सभा असे झाले. बेळगावचे चौगुले वकील आणि त्यांच्यासारखी जाणती मंडळी पुढे होती. लठ्ठे त्या वेळी विशीत होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्यांनी पुढे एम. ए., एलएल. बी. केले. इतके शिकलेला तरुण या समाजात तेव्हा विरळा. त्याने मुंबईत वकिली थाटली असती तरी कोणी नाव ठेवले नसते.

सभेच्या पहिल्या ठरावांचा रोख सरळ होता : मुलांना शिकवा, मुलींना शिकवा, बालविवाह थांबवा, लग्नकार्यातला खर्च आवरा, पोटजातींतील अंतर कमी करा. ठराव करणे सोपे असते. सभेचे वेगळेपण हे की तिने लगेच इमारतीचा आणि जेवणाच्या पंगतीचा विचार केला.

इथे राजर्षी शाहू महाराजांचे ऋण मानल्यावाचून पुढे जाता येत नाही. कोल्हापुरात १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंगही. पुढे लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजांसाठीचे मिस क्लार्क, दैवज्ञ, नामदेव अशी बोर्डिंगे एकामागून एक उभी राहिली. महाराजांची रीत ठरलेली होती. दरबारने जागा आणि साहाय्य द्यायचे, समाजाने बोर्डिंग चालवायचे. मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्यासारख्यांनी समाजाच्या शिक्षणासाठी हात सैल सोडला. बेळगावच्या माणिकबाग बोर्डिंगच्या नावात त्यांची आठवण आजही आहे.

याच १९०१ साली आपल्या गावचा आणखी एक सुपुत्र दूरवर शाळा काढत होता. १८७२ साली कुरुंदवाडात जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. एकाने गाणे दरबारातून आणि घराण्यातून बाहेर काढून शाळेच्या वर्गात आणले, तर दुसरा शेतकऱ्याच्या पोराला शाळेच्या वर्गापर्यंत नेण्याच्या खटपटीत होता. एवढ्याशा गावाला हे भाग्य लाभले याचा आम्हाला अभिमान वाटतो.

कोल्हापूरच्या बोर्डिंगची देखरेख लठ्ठ्यांकडे होती. १९०७ साली ते राजाराम कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. दिवसा कॉलेज आणि उरलेला वेळ बोर्डिंग, असा त्यांचा क्रम. बोर्डिंगची शिस्त जैन घराची होती. सकाळी दर्शन, ठरलेल्या वेळी अभ्यास आणि सूर्यास्ताच्या आत जेवण. हिवाळ्यात शाळा सुटली की मुलांना खेळ सोडून पंगतीला धावावे लागे. खेड्यातून आलेल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलाला आई-वडिलांपासून दूर अशी चाकोरी लागते. ज्यांनी तो अनुभव घेतला त्यांना बोर्डिंगच्या आचाऱ्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. संस्थेच्या इतिहासात आचारी, पहारेकरी, हिशेब लिहिणारे कारकून यांची नावे येत नाहीत, पण त्यांच्यावाचून एक दिवसही बोर्डिंग चालले नसते. या स्मरणिकेच्या पानावर त्या सर्वांना नमस्कार.

१९०२ च्या सुमारास कुंभोजच्या पायगोंडा पाटलांचा मुलगा या बोर्डिंगात आला. त्याचे नाव भाऊराव. पुढे महाराष्ट्राने त्यांना कर्मवीर म्हटले. पुस्तकांपेक्षा कुस्तीत आणि पोहण्यात रमणारा हा विद्यार्थी अस्पृश्यता मुळीच मानत नसे. बोर्डिंगचे नियम आणि भाऊरावांचा स्वभाव यांचा मेळ बसला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्या प्रसंगाची चर्चा अनेक चरित्रांत आली आहे. काळाच्या मानाने पाहिले तर सभा तेव्हा एका समाजाच्या उन्नतीचा विचार करत होती आणि भाऊराव एक पाऊल पुढे पाहत होते, एवढे म्हटले की पुरे.

१९११ ते १९२०

१९११ साली लठ्ठे कोल्हापूर संस्थानच्या शिक्षण खात्यात एज्युकेशनल इन्स्पेक्टर झाले. बोर्डिंगमध्ये मुले आणणारा माणूस आता ती मुले ज्या गावच्या शाळेतून यायची, त्या शाळाही तपासू लागला. त्यांचा तिथला काळ थोडा ठरला. १९१४ साली कोल्हापुरात बादशाही पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण झाले आणि संशयाचे वारे लठ्ठ्यांच्या दिशेने वळले. त्या प्रकरणाच्या आणि त्यामागच्या मतभेदांच्या तपशिलात शिरण्याचे हे ठिकाण नाही. पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊराव पाटलांवर दबाव आला. बोर्डिंग ज्यांच्या कारकिर्दीत सोडावे लागले त्यांच्याविरुद्ध बोलायची ही संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष द्यायला साफ नकार दिला, त्यासाठी तुरुंगवास आणि हाल सोसले, जीव देण्यापर्यंत वेळ आली, तरी ते डगमगले नाहीत. बोर्डिंगने घडवलेल्या माणसांची चर्चा निघते तेव्हा हे उदाहरण आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते.

लठ्ठे कोल्हापूर सोडून बेळगावला गेले आणि वकिली करू लागले. सभेचे काम मात्र थांबले नाही, कारण ते एव्हाना एका माणसावर अवलंबून राहिलेले नव्हते. गावोगावचे पाटील, शेतकरी, वकील आणि व्यापारी वर्गणी जमवत होते. सभेचे मुखपत्र ‘प्रगति आणि जिनविजय’ घरोघर पोहोचत होते. देणग्यांच्या याद्या, अधिवेशनातील ठराव, सुधारणेवरील लेख अशा मजकुरातून नदीकाठच्या शेतकऱ्याला आपण एका मोठ्या समाजाचा भाग आहोत ही जाणीव झाली. खानेसुमारीत धर्म ‘जैन’ असा नोंदवावा, हा सभेचा आग्रह त्याच जाणिवेचा भाग होता.

याच दशकात लठ्ठे ब्राह्मणेतर चळवळीच्या आघाडीवर आले. ‘डेक्कन रयत’ या इंग्रजी साप्ताहिकातून त्यांनी बहुजनांची बाजू राज्यकर्त्यांपुढे मांडली. कोल्हापुरात १९१७ साली शाहू महाराजांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. कोल्हापूरच्या बोर्डिंगांत जे बीज पडले होते ते आता जातीचे कुंपण ओलांडून वाढू लागले.

१९२१ ते १९३०

लठ्ठे मध्यवर्ती कायदेमंडळात गेले आणि १९२३ पर्यंत तिथे होते. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, १९२४ साली, महाराजांचे दोन खंडांतील इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. लेखक अण्णासाहेब लठ्ठे! ज्यांच्या राज्यातून दहा वर्षांपूर्वी बाहेर पडावे लागले त्यांचेच चरित्र इतक्या आस्थेने लिहिणे, यातून दोघांचाही मोठेपणा दिसतो. शाहू महाराजांविषयी पुढे जे काही लिहिले गेले, त्यातल्या बऱ्याच लिखाणाला या ग्रंथाचा आधार आहे.

पुढे राजाराम महाराजांच्या काळात लठ्ठे कोल्हापूरचे दिवाण झाले. दसरा चौकाच्या परिसरात वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगे उभी होती आणि त्यांतल्याच एकाचा जुना पालक आता संस्थानचा कारभार पाहत होता. तिकडे साताऱ्यात १९२४ साली भाऊरावांचे छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू झाले. तिथे सर्व जातीधर्मांची मुले एका पंगतीला बसत. १९२७ साली महात्मा गांधी तिथे आले, तेव्हा त्यांनी या प्रयोगाचे मनापासून कौतुक केले.

१९३१ ते १९४०

या दशकात अण्णासाहेब काँग्रेसमध्ये आले आणि १९३७ च्या निवडणुकीत बेळगाव जिल्ह्यातून मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. कुरुंदवाडात जन्मलेला मुलगा मुंबई इलाख्याची तिजोरी सांभाळू लागला, ही त्या काळी साधी बाब नव्हती. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आली. तिच्यामुळे बुडणारे उत्पन्न भरून काढायला त्यांनी शहरातील स्थावर मालमत्तेवर कर बसवला आणि बड्या घरमालकांचा रोष पत्करला. व्यसनमुक्तीचे ठराव सभेच्या अधिवेशनांतून होत आले होते. त्यासाठी तिजोरीला तोशीस लावून घ्यायची तयारी या माणसाने दाखवली.

शिक्षणाच्या दृष्टीने त्या मंत्रिमंडळाचे एक धोरण फार महत्त्वाचे ठरले. ज्या गावांत शाळा नाही तिथे लोकांनी आणि संस्थांनी स्वतः शाळा काढावी आणि सरकारने तिला अनुदान द्यावे. या ‘व्हॉलंटरी शाळा’. भाऊराव पाटलांनी ही संधी ओळखली आणि डोंगराळ, आडवळणी गावांत अशा शेकडो शाळा उघडल्या. एकेकाळी बोर्डिंगात भेटलेले ते दोघे. आता एक जण अनुदानाची तिजोरी पाहत होता आणि दुसरा त्या पैशातून वाड्यावस्त्यांवर पाट्या-पेन्सिली पोहोचवत होता.

युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी १९३९ च्या अखेरीस राजीनामे दिले आणि लठ्ठ्यांचे मंत्रिपद संपले. याच दशकात, १९३४ साली, कुंभोजजवळ बाहुबलीच्या डोंगरावर समंतभद्र महाराजांचे गुरुकुल सुरू झाले. गुरुकुलाची पद्धत निराळी, पण ध्येय जवळचे होते. सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे अध्यापन करत होते आणि प्राकृत-संस्कृत ग्रंथांच्या संपादनाने त्यांचे नाव युरोपातील विद्वानांपर्यंत पोहोचले होते. सभेच्या स्थापनेला चाळीस वर्षे होता होता शेतकरी जैन समाजात अशी विद्वत्ता उभी राहिली होती.

१९४१ ते १९५०

स्वातंत्र्यानंतर ८ मार्च १९४८ रोजी कुरुंदवाड संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. कोल्हापूरही पुढच्या वर्षी विलीन झाले. बोर्डिंगांना दरबारचा आधार संपला आणि समाजाच्या स्वतःच्या बळावर संस्था चालवायची वेळ आली. याच सुमारास अस्पृश्य मानलेल्या समाजांच्या मंदिरप्रवेशाच्या कायद्यावरून समाजात वेगवेगळी मते मांडली गेली. आचार्य शांतिसागर महाराजांसारख्या पूज्य व्यक्तींची भूमिका आणि सुधारकांची भूमिका एक नव्हती. दोन्ही बाजूंची तळमळ खरी होती आणि त्या काळातही सभेची बोर्डिंगे एक दिवसही बंद पडली नाहीत, हे कार्यकर्त्यांच्या समजूतदारपणाचे लक्षण होय.

१६ मे १९५० रोजी अण्णासाहेबांचे निधन झाले. सांगलीत त्यांच्या नावाने लठ्ठे एज्युकेशन सोसायटी काम करते आणि कस्तुरबाई वालचंद कॉलेज तिच्याच छत्राखाली आहे.

१९५१ ते १९९०

हा काळ शांतपणे रुजण्याचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव, हुबळी म्हैसूर राज्यात गेले. सीमेच्या प्रश्नावर मने तापली, पण सभेने कधी आपले दोन तुकडे होऊ दिले नाहीत. अधिवेशनात मराठीत भाषण झाले की पाठोपाठ कानडीत होई आणि टाळ्या दोन्हींना पडत. हे साधणे सोपे नव्हते, त्याचे श्रेय दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांना सारखेच आहे.

९ मे १९५९ रोजी कर्मवीर गेले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. गावोगाव हायस्कुले निघाली, सहकारी साखर कारखान्यांमुळे उसाचा पैसा घरात आला आणि बोर्डिंगांची गरज संपली असे काहींना वाटू लागले. झाले उलटे. हायस्कूल गावात आले तरी कॉलेज शहरातच होते. आधी इंग्रजी पाचवीतला मुलगा बोर्डिंगात येई, आता बी. ए., बी. कॉम. आणि पुढे इंजिनिअरिंगचा विद्यार्थी येऊ लागला. सभेने वेळेत बदल करून घेतला. सांगलीचे दावडा बोर्डिंग, कोल्हापूर आणि बेळगावची बोर्डिंगे या पिढीच्या किती तरी डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक आणि कारखान्यांच्या संचालकांनी पाहिली आहेत.

१९९१ ते आजपर्यंत

मुलींच्या शिक्षणाचा ठराव सभेने अगदी सुरुवातीला केला होता. मुलांची बोर्डिंगे आधी झाली, मुलींना अधिक थांबावे लागले, हे मान्य करायला हवे. सांगलीच्या कळंत्रे आक्का जैन महिलाश्रमाने ती उणीव भरून काढण्याचे काम निष्ठेने चालवले आहे. आज गावातली मुलगी एस. टी. ने किंवा स्कूटीवर कॉलेजला जाते तेव्हा त्यामागे त्या आश्रमात राबलेल्या बायकांची पुण्याई आहे.

वीर सेवा दलाच्या पाठशाळांतून लहान मुलांना धर्माचे आणि शिस्तीचे धडे मिळतात. शिष्यवृत्त्या, गुणवंतांचे सत्कार, साहित्य आणि समाजकार्यासाठीचे पुरस्कार, महिलांची परिषद, मुखपत्राचे प्रकाशन ही कामे चालू आहेत. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे विद्यार्थ्यांना सरकारी शिष्यवृत्त्यांचे दार उघडले आणि अर्ज भरून देण्याचे नवे काम कार्यकर्त्यांच्या अंगावर आले. खानेसुमारीत स्वतःची नोंद नीट करण्याचा जो आग्रह सभेने शंभर वर्षांपूर्वी धरला होता, त्याची उपयुक्तता इथे कळली.

पुढची निकड जुन्या कागदांची आहे. आपला भाग पुराचा. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा-पंचगंगेचे पाणी गावात शिरले तेव्हा माणसे आणि जनावरे वाचवताना माळ्यावरच्या ट्रंकांकडे कोण पाहणार? सभेचा सव्वाशे वर्षांचा इतिहास बराचसा अशा ट्रंकांतच आहे. ‘प्रगति आणि जिनविजय’चे जुने अंक, बोर्डिंगच्या पावत्या, अधिवेशनांची छायाचित्रे, आजोबांची पत्रे ज्यांच्या घरी असतील त्यांनी ती येत्या पावसाळ्याआधी सभेच्या कार्यालयात आणून द्यावीत. मूळ कागद कायमचा द्यायचा नसेल तर त्याची प्रत काढून तो परत केला जाईल. आणि ज्यांनी बोर्डिंगात दिवस काढले आहेत त्यांनी चार पाने का होईना लिहून पाठवावीत. आपण कोणत्या साली आलो, खोलीत कोण होते, स्वयंपाकघरात कोण राबत होते, एवढे लिहिले तरी चालेल.